पाखरू हातावर येईल, पण आधी हात मागे घ्या

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: लातूर शहरातल्या एक वाचक लिहितात, की अकरा वर्षांचा मुलगा वर्षभर मागे लागला होता, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी छत्रपती संभाजीनगरहून राखाडी रंगाचा कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, आणला. "हँडटेम आहे, दोन दिवसांत खांद्यावर बसेल," असं दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणजे माणसाच्या हाताला सरावलेला. प्रत्यक्षात पिंजऱ्याजवळ कुणीही गेलं, की तो पलीकडच्या गजांना चिकटतो, तुरा ताठ करतो आणि फिस्कारतो. मुलानं आत हात घातला, तर बोटातून रक्त काढलं. माणसांची सवय व्हावी म्हणून पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारीच ठेवला आहे. परवा रात्री लाइट गेली, तेव्हा तो आत एवढा आपटला, की सकाळी पंखाला रक्त दिसलं. सासूबाई म्हणतात, "टॉवेलात धरून बस तासभर, आपोआप गप होतंय." दुकानदाराचा फोनवरचा सल्ला असा: दिवसभर उपाशी ठेवा, संध्याकाळी हातानंच खाऊ घाला, आणि पंख छाटून टाका. यजमान म्हणतात, परत देऊन या. "आमचं काही चुकायलंय का पाखरूच तसलं आहे?" असं त्यांनी विचारलं आहे.

पाखरू तसलं नाही, आणि तुमच्या हातूनही न सुधारण्यासारखं काही झालेलं नाही. पंधरा दिवस हा काळ फारच थोडा आहे. पण टॉवेल, उपास आणि पंखछाटणी या तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. पक्ष्याला माणसापासून लांब जाताच आलं नाही, की तो माणसाचा होतो, अशी ती समजूत. टॉवेलात तासभर धरलेला पक्षी गप होतो हे खरं. सासूबाईंनी ते पाहिलंही असेल. पण तो गप होतो, कारण धडपडून उपयोग नाही हे त्याला कळतं. त्यात भीती जात नाही, ती दाखवायची थांबते. मग असाच 'शांत' पक्षी महिन्याभरानं अचानक चावला, की घरचे म्हणतात, कारण नसताना चावला.

त्याच्या बाजूनं हे पंधरा दिवस बघा. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला, थव्यानं राहणारा, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपणारा. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. एवढ्याशा जिवाकडे बचावाचा खरा उपाय एकच, उडून जाणं, आणि पिंजऱ्यात नेमका तोच बंद झालेला असतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. त्यामुळे समोरून रोखून बघत येणारा चेहरा आणि वरून खाली येणारा हात, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी शिकाऱ्याच्या. त्यात हाताचा अनुभव काय, तर दुकानात हातानंच पकडलं, खोक्यात कोंबलं, पाच-सहा तास हलवत आणलं आणि थव्यातून काढून एकट्याला टीव्हीशेजारी टांगलं. अशा पक्ष्यानं हाताला घाबरू नये, तर काय करावं?

'हँडटेम' या शब्दावर दुकानदाराशी भांडू नका, तो अगदीच खोटं बोलला असेल असंही नाही. सिरिंजनं भरवून वाढवलेलं पिल्लू खाऊ लागल्यावर महिना-दोन महिने गर्दीच्या पिंजऱ्यात पडून राहिलं, की माणसाला बुजायला लागतं. असं पिल्लू पुन्हा लवकर जुळतं. आई-बापांनीच वाढवलेलं असेल, तर जास्त दिवस लागतात. रीत दोघांसाठी सारखीच आहे. मात्र या अनुभवावरून "पुढच्या वेळी भरवायचं पिल्लूच आणू" असं ठरवू नका. भरवायची पेज जरा गरम झाली, तरी गळ्यातली अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाली तर अन्न पुढे सरकत नाही आणि आंबतं. नवख्या हातात अशी पिल्लं दगावतात.

आता आधी रक्ताचं. नव्यानं फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. आपटून ती नळी मोडली, की एवढ्याशा अंगाच्या मानानं बरंच रक्त जातं. स्वच्छ कापडानं किंवा कापसानं हलकं दाबायचं, टोकाला कॉर्नफ्लोअर लावायचं, आणि दहा मिनिटांत थांबलं नाही तर लगेच डॉक्टर. तुमच्याकडे ते आपोआप थांबलेलं दिसतंय, तरी एकदा दाखवून घ्या. उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून पक्षी तपासणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. भीती आणि आजार बाहेरून बऱ्याचदा सारखेच दिसतात, म्हणूनही ही तपासणी हवी. दिवसभर पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपूट खालीवर होणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, ही आजाराची लक्षणं. विष्ठेत हिरवट-तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असे तीन भाग दिसले, तर ठीक. विष्ठा पिवळट-हिरवी, पातळ होऊ लागली, श्वास जड झाला आणि घरातही कुणाला ताप-खोकला धरला, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, कारण पोपटवर्गातला एक जंतुसंसर्ग माणसाला होऊ शकतो.

खातोय का, हे वाटीकडे बघून ठरवू नका. कॉकाटील दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि आत नुसता कोंडा असतो. रोज सकाळी फुंकर मारून टरफलं उडवायची आणि राहिलेला दाणा बघायचा. दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम दाणा लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण उपासाचा सल्ला इथंच अंगावर येतो. इतक्या लहान पक्ष्याच्या अंगात साठा फार थोडा असतो, आणि आधीच ताणात असलेल्याला दिवसभर उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकतं. शिवाय भुकेपोटी हातावर आलेला पक्षी पोट भरताच पुन्हा पळतो. मग पुन्हा उपास, आणि त्या खेळाला शेवट नाही.

रात्रीचं आपटणं कॉकाटीलमध्ये फार दिसतं. गाढ अंधारात पाल सळसळली, मांजर खिडकीवर चढलं, वाऱ्यानं दार आपटलं किंवा एकदम लाइट जाऊन पंख्याचा आवाज थांबला, की तो झोपेतच उडायला बघतो, आणि दिसत नसल्यानं गजांवर आदळतो. उपाय साधा आहे. पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर झिरोचा बल्ब रात्रभर ठेवा, आणि तो इन्व्हर्टरवर किंवा चार्जिंगचा असू द्या, कारण लाइट जाते तेव्हाच त्याची गरज असते. झाकायचं असेल तर सुती कापड मागच्या आणि बाजूच्या भागावरच टाका, पुढचा भाग उघडा ठेवा. आपटायला लागला, तर आत हात घालू नका. मंद उजेड करा, लांबून हळू आवाजात बोला, तो काठीवर पुन्हा बसेपर्यंत थांबा. झोप त्याला १० ते १२ तास लागते. हॉलमध्ये साडेअकरापर्यंत टीव्ही चालत असेल, तर त्याच्या चिडचिडीचा अर्धा भाग तिथूनच येतोय असं समजा.

तेव्हा पिंजरा हलवा. माणसांत ठेवलं की सवय होते हे खरं, पण कधी? लांब जायची सोय असेल तेव्हा. टीव्हीशेजारी त्याला ती नाही. ज्या खोलीत माणसं असतात पण गर्दी नसते, तिथला दोन भिंतींचा कोपरा निवडा, म्हणजे धोका फक्त समोरून येऊ शकतो हे त्याला कळतं. वरची काठी तुमच्या छातीच्या उंचीवर येऊ द्या. जमिनीलगत ठेवला तर तुम्ही सगळे त्याच्यावर वाकता, फार उंच ठेवला तर तुमचा हातच दिसत राहतो. दुकानातला पिंजरा बहुधा लहान असतो. एका कॉकाटीलला निदान ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल आणि ६० सेंमी उंच जागा हवी, आणि गजांमधलं अंतर दोन सेंटीमीटरच्या आत. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्यांऐवजी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, न फवारलेल्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. जाडी कमी-जास्त असली तर पायाला बरंच. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो. त्या दिवसांत पत्र्याखालची खोली टाळा, कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि आंघोळीला उथळ पाणी ठेवा. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असेल, तर पाच मिनिटं लांब जाऊन बघा. थांबलं तर ती भीती होती, नाही थांबलं तर उकाडा.

इथून पुढचं काम सगळं अंतराचं आहे. खोलीच्या दारातून पिंजऱ्याकडे एकेक पाऊल टाकत चला, सरळ नाही, जरा तिरके, नजर दुसरीकडे ठेवून. एका ठिकाणी तो खायचं थांबेल, पिसं अंगाला घट्ट चिकटवून बारीक होईल, तुरा सरळ उभा राहील. ती त्याची हद्द. तिथून एक पाऊल मागे या आणि बाजूनं तोंड करून बसा. भाजी निवडा, पेपर मोठ्यानं वाचा, काहीही करा, फक्त त्याच्याकडे टक लावू नका. थोड्या वेळात तो अंग झटकेल, पाठीची पिसं चोचीनं सारखी करेल, एखादा दाणा टिपेल किंवा चोच बारीक करकर घासेल. ही सगळी सैल पडल्याची चिन्हं. ते दिसताक्षणी उठा आणि निघून जा.

हे निघून जाणं म्हणजे कंटाळून सोडून देणं नव्हे, तेच त्याचं बक्षीस. घाबरलेल्या पक्ष्याला त्या क्षणी दाण्यापेक्षा अंतर जास्त हवं असतं. फिस्कारल्यावर तुम्ही गेलात, तर फिस्कारणं कामाचं आहे हे तो शिकतो. शांत बसल्यावर गेलात, तर शांत बसण्यानंही माणूस लांब जातो हे शिकतो. बहुतेक घरांत उलटं होतं. पक्षी शांत दिसला, की "आता बरा आहे" म्हणून सगळे जवळ सरसावतात, आणि तो फिस्कारला की पांगतात. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा हे करा. सलग दोन बैठकांत तो तुम्ही आल्याबरोबर सैल राहिला, तर पुढच्या वेळी वीतभर जवळ. पिसं ताणली गेली, तर वीतभर मागे. कधी दोन दिवसांत पिंजऱ्यापर्यंत पोचाल, कधी तीन आठवडे लागतील.

तुऱ्याची भाषा घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या, ती सोपी आहे. ताठ उभा तुरा म्हणजे दचकलेला किंवा सावध. डोक्याला चपट बसलेला तुरा, चोच उघडी, फिस्कार, म्हणजे आता चावेन. अर्धवट मागे कललेला, टोक जरा वर, म्हणजे निवांत. चावण्याआधी तो आखडून बसतो, अंग मागे घेतो, चोच उघडतो, फिस्कारतो, आणि यातलं काहीच कुणी ऐकलं नाही, की चावतो. म्हणून फिस्कारल्याबद्दल पिंजऱ्यावर टिचकी मारणं किंवा ओरडणं हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत महाग पडणारं वाटतं. सूचना द्यायची सोडून तो थेट चावायला शिकतो.

अंतर कमी होत असतानाच खाऊ सुरू करायचा. वाटीत मिळतं तेच हातातून दिलं, तर त्याला त्याचं काय? एका छोट्या ताटलीत राळे, बाजरी, ज्वारी, करडई आणि सूर्यफूल थोडं थोडं ठेवा आणि बाजूला होऊन कशावर आधी तुटून पडतो ते बघा. दोन-तीनदा तेच आलं, की तो दाणा रोजच्या वाटीतून बंद, यापुढे फक्त माणसाकडून. दुकानात 'मिलेट' म्हणून जी कणसं महाग विकतात, ती राळ्याचीच. गावाकडे कुणी राळा पेरत असेल, तर वाळलेली कणसं मागवून घ्या. करडई आणि सूर्यफूल आपल्याकडे मुबलक आणि पाखरांचं आवडतंही, पण त्यात तेल फार. दिवसाला आठ-दहा दाणे पुरेत. एक गोष्ट मात्र पक्की: दाणा किराणा दुकानातला, खायचा. कृषी सेवा केंद्रातलं किंवा पेरणीतून उरलेलं बियाणं कधीच नको. त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंग दिसतो तो त्याचाच. हुरड्याच्या दिवसांत कोवळं, न फवारलेलं ज्वारीचं कणीस मिळालं तर जरूर द्या. माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्यांना विचारा पोपटवर्गाला ते किती आवडतं!

पहिले काही दिवस हातातून द्यायचंच नाही. पिंजऱ्याजवळून जाताना बाहेरून पोचेल अशा एका वेगळ्या वाटीत चार दाणे टाका आणि न थांबता पुढे जा. दिवसातून दहा-बारा वेळा, घरातल्या प्रत्येकानं. तुमची चाहूल लागताच तो त्या वाटीकडे सरकू लागला, की पुढची पायरी. राळ्याचं कणीस काडीला बांधून लांबी हातभर करा आणि गजांतून आत धरा, हात अजिबात न हलवता. घेतच नसेल, तर कणीस आधी कपड्याच्या चिमट्यानं गजाला लावून तिथंच शेजारी बसा. खाऊ लागला, की दर दोन-तीन बैठकांनी काडी दोन बोटं आखूड करत आणा. यासाठी सकाळची पहिली वेळ उत्तम, कारण तेव्हा भूक असतेच. वाटी भरण्याआधी पंधरा मिनिटं बसा, आणि त्यानं कणीस घेवो न घेवो, पंधरा मिनिटांनी वाटी भरा. भूक वापरायची ती एवढीच.

हाताची फारच धास्ती असेल, तर गजाबाहेरूनच एक खेळ शिकवता येतो. आइस्क्रीमच्या काडीचं टोक त्याच्यासमोर धरा. त्यानं कुतूहलानं चोच लावली, की त्याच क्षणी "छान" म्हणा आणि एक-दोन सेकंदांत दाणा वाटीत टाका. शब्द दर वेळी तोच, तसाच. चार-पाच दिवसांत तो काडीमागे या काठीवरून त्या काठीवर जाऊ लागतो. याचा मोठा फायदा असा, की जवळ यायचं की नाही हे तो ठरवतो, आणि पुढे बाहेर सोडल्यावर पकडापकडी न करता परत आत आणता येतं. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

दार उघडून हात आत न्यायची वेळ यानंतरची. आधी हात नुसता दारात, मूठ बंद, स्थिर. मग तळहातावर राळे. मग बोट आडवं करून त्याच्या पायांपेक्षा जरासं वर, छातीजवळ, आणि दुसऱ्या हातात कणीस पलीकडे असं धरायचं, की खायला एक पाऊल बोटावर टाकावंच लागेल. बोटानं पोट ढकलून चढवायची जी पद्धत सगळे सांगतात, ती घाबरलेल्या पक्ष्यावर वापरू नका, तिथं त्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. एक पाय ठेवून परत घेतला तरी दाणा द्या. पहिल्यांदा पूर्ण चढला, की घरात आनंदीआनंद होतो, फोटो, व्हिडिओ, शेजारच्यांना हाक, आणि त्याच संध्याकाळी दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. त्या दिवशी दोनदा चढला तर बास, संपवा.

चावलाच तर? हात झटकला, तर चावणं कामाचं ठरतं. हात तिथंच रेटला, तर भीती वाढते. दोन-तीन सेकंद न बोलता स्थिर राहा, मग सावकाश बाजूला व्हा, आणि पुढची बैठक दोन पायऱ्या मागून सुरू करा. चावा ही तुमची पायरी चुकल्याची खबर आहे. त्यावर शिक्षा नको, पिंजरा झाकून ठेवणं नको, तोंडावर पाणी मारणं तर नकोच.

मुलाला यातून बाजूला काढू नका, त्याचा जीव त्यात आहे. फक्त काम बदला. बोट आत घालणं पूर्ण बंद. तो दाणे टाकणारा, आणि तो वाचणारा. मराठीचा धडा हद्दीबाहेर बसून मोठ्यानं वाचला, तर अभ्यासही होतो. एक वही द्या: तारीख, किती अंतरावर बसलो, तुरा कसा होता, किती वेळानं अंग झटकलं. ही कंटाळवाणी वाटणारी वही पुढे तुमच्याच उपयोगाची आहे, कारण प्रगती इतकी सावकाश असते, की वहीशिवाय दिसत नाही. पिंजरा साफ करायचं अप्रिय काम मात्र मोठ्या माणसानं घ्यावं, एकानंच, रोज ठरल्या वेळी, आणि दाण्यापाण्याच्या वाट्या शक्यतो बाहेरून काढता येतील अशा घ्याव्यात. घरी पाहुणे आले, की "बघू, बोलतो का" म्हणून पिंजऱ्याला तोंड लावतात. त्यांना सरळ सांगा, सध्या नाही. बोलणं, शिट्टी, नाचणं हे सगळं नंतरचं.

पंख छाटू नका. छाटल्यावर तो जवळ येतो असं दिसतं खरं, पण पळता न आल्यानं येतो, आणि उडी मारताना छातीवर आपटून दुखापत करून घेतो. दुकानदाराच्या सल्ल्यामागे पंख्याची भीती असेल तर ती रास्त आहे. छताचा पंखा हा घरातल्या पक्ष्याचा सर्वांत मोठा घातक शत्रू. बाहेर सोडताना पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी, खिडकीला जाळी, आरशावर चादर, आणि स्वयंपाकघराचं दार लावलेलं. पण तो काडीमागे आपण होऊन परत पिंजऱ्यात जाऊ लागेपर्यंत सोडूच नका. फारच गरज पडून पकडावं लागलं, तर खोलीत अंधार करून, पातळ टॉवेलनं, आणि छाती न दाबता. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास जातो. घट्ट धरलं, तर तो गुदमरतो.

त्याची फुप्फुसं फार नाजूक असतात, म्हणून त्या खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारा काही नको. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं, तर त्याचा न दिसणारा धूर पक्ष्याला मिनिटांत मारतो. भाकरीचा लोखंडी तवा चालतो. लग्नसराईत वरातीचा डीजे दारावरून जाणार असेल, तर आधीच आतल्या खोलीत हलवून तीन बाजू झाका.

यजमानांच्या सूचनेबद्दल. परत देणं म्हणजे पुन्हा पकडणं, पुन्हा खोकं, पुन्हा गर्दी, आणि पुढच्या घरी त्याहून घाबरलेला पक्षी. रोज पाऊण तास देणं घरात कुणालाच शक्य नसेल, तर पक्षी पाळलेल्या जाणत्या कुटुंबाला थेट देणं जास्त बरं. शेतात सोडून देणं हा पर्याय नाहीच. कॉकाटील इथला नाही, दाणापाणी शोधायला शिकलेला नाही, दोन दिवसांत शिक्र्याच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जाईल. आणि "एकटा आहे म्हणून घाबरतो, जोडीला दुसरा आणू" असा विचार आला, तर तूर्त थांबा. दुसरा आणल्यास निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो, आणि तोही बुजरा निघाला तर दोघं मिळून माणसाला घाबरतात.

सहा आठवड्यांनी वही उघडून बघा. तुम्ही खोलीत आल्यावर तो खात राहत असेल आणि कणीस गजांतून घेत असेल, तर गाडी रुळावर आहे, हातावर बसो न बसो. काही कॉकाटील आयुष्यभर तळहातावरून खातात, पण खांद्यावर बसत नाहीत, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. काहीच बदललं नसेल, तर आधी जागा तपासा: समोर खिडकीत मांजर येतं का, रात्री झोप पुरते का, घरातलं कुणी गुपचूप बोट घालतंय का. बहुधा यातलंच काहीतरी सापडतं.

हे वाचून ज्यांनी आठवडी बाजारातून हिरवा राघू किंवा मोठा पहाडी पोपट आणलाय, त्यांच्यासाठी यातलं काही लागू करायची वेळ येऊ नये. आपले देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. त्याला माणसाळवत बसू नका आणि स्वतः सोडूनही देऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सन कॉन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पोपट पाळता येतात, पण त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते, म्हणून घेतानाच पावती आणि कागद मागून घ्या.